कोणत्या भट्टीची मळी?

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता माझ्या भाच्याचा फोन आला. गोव्यात माशेलजवळ जुन्या घराच्या मागच्या जागेत त्याने नवे घर बांधायला घेतले आहे, आणि जोते व विहीर यांच्यामधला खोलगट भाग भरून घ्यायचे काम तेव्हा डोक्यावर होते. "आत्या, एक माणूस काळी खडी निम्म्या भावात देतो म्हणतो. पोलादाच्या कारखान्याची मळी आहे, दगडापेक्षा घट्ट बसते असे त्याचे म्हणणे. घेऊ का?" मी विचारले, "कोणत्या भट्टीची?" त्याला ते ठाऊक नव्हते. त्याने ट्रकवाल्याला विचारले, ट्रकवाल्याने ज्याच्याकडून माल उचलला त्याला विचारले, आणि तिघांकडूनही एकच उत्तर आले: मळी ती मळीच, तिच्यात भट्टी कसली पाहायची?

हा लेख त्या उत्तरामुळे लिहीत आहे. घाटापलीकडे, कर्नाटकातल्या एका मोठ्या पोलाद कारखान्याच्या रसायन प्रयोगशाळेत माझी सत्तावीस वर्षे गेली आणि त्यातला निम्मा काळ मळीचे नमुने दळण्यात, विरघळवण्यात आणि त्यांतला चुना, सिलिका, मॅग्नेशिया, गंधक मोजण्यात गेला. मळीचा पुनर्वापर व्हावा असे मला मनापासून वाटते. परंतु तो 'मळी' नावाच्या एकाच पदार्थाचा करता येत नाही, कारण तसा एक पदार्थ अस्तित्वातच नाही. कारखान्यात आम्ही तिला स्लॅग म्हणत असू, पाठ्यपुस्तकांत धातुमळ असा शब्द आहे आणि जुने लोहार कीट म्हणत. या तिन्ही शब्दांत 'टाकून देण्याजोगे' एवढाच अर्थ भरलेला असल्यामुळे कोणती मळी कुठून आली हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेलीच नाही.

पहिली मळी झोतभट्टीची. लोहखनिज, कोक आणि चुनखडी किंवा डोलोमाइट वरून टाकले की खाली सुमारे 1500 अंश सेल्सिअस तापमानाला दोन रस साठतात. तळाशी लोखंड, आणि ते जड असल्यामुळे त्याच्यावर तरंगणारी मळी. खनिजातली माती व सिलिका आणि कोकची राख यांना चुन्याने आपल्यात ओढून घेतलेले असते. एक टन लोखंडामागे आपल्या देशात साधारण 300 ते 400 किलो अशी मळी निघते. आमच्या डिचोली तालुक्यातल्या आमोणे गावी मांडवीच्या काठावर झोतभट्टी आहे, त्यामुळे हे दृश्य गोव्याला अगदीच परके नाही.

हा रस कसा थंड केला यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. खड्ड्यात ओतून हळूहळू निवू दिला तर त्याचे स्फटिक बनतात आणि करडा, भोकाभोकांचा दगड तयार होतो, जो खडी म्हणून चालतो पण रसायनाच्या दृष्टीने जवळजवळ झोपलेला असतो. तोच रस वाहत असताना त्याच्यावर जोरदार पाण्याचे फवारे मारले तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि त्याची पिवळसर पांढरी, काचेसारखी रेती होते. या काचेत गोठून राहिलेली ऊर्जा सिमेंटला उपयोगी पडते. नुसत्या पाण्याने ती फारशी जागी होत नाही. मात्र सिमेंट भिजताना जो चुना बाहेर पडतो त्याच्या संगतीत ती विरघळू लागते आणि सिमेंटसारखाच बंध धरते. जर्मनीत एमिल लांगेन यांनी 1862 मध्ये हा गुण ओळखला. आज आपल्याकडे आयएस 455 या भारतीय मानकानुसार पोर्टलंड स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्क्यांपर्यंत अशी दळलेली मळी घालता येते. एक टन क्लिंकर, म्हणजे दळल्यावर ज्याचे सिमेंट होते ते भाजलेले खडे, तयार करताना साधारण 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून मळीने क्लिंकरची जागा घेतलेला प्रत्येक टन हा खरा लाभ आहे.

गोव्यासाठी याहून जवळचे कारण आहे. आपल्या घरांच्या स्लॅबच्या सळ्या गंजून सिमेंटचे पापुद्रे पडतात, ही तक्रार पणजी, वास्को, मडगाव अशी कुठेही ऐकू येते. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचते आणि गंज सुरू होतो. मळीचे काँक्रीट अधिक घट्ट विणीचे असते आणि क्लोराइडला आत शिरायला बराच अधिक वेळ लावते. त्याच्या बदल्यात ते संयम मागते. सुरुवातीच्या दिवसांत त्याची ताकद हळू वाढते, त्यामुळे पाणी मारण्याचे दिवस कमी केले तर फायदा जाऊन तोटाच पदरी पडतो. कंत्राटदार घाईत असेल तर हे सिमेंट न वापरलेले बरे, असे मी आमच्या नात्यात अनेकांना सांगितले आहे.

हवेत निवालेल्या झोतभट्टीच्या दगडाची एक खोड मात्र सांगायलाच हवी. कोकमधले गंधक भट्टीत चुन्याला धरून मळीत जाते आणि ते तिथे कॅल्शियम सल्फाइडच्या रूपात, साधारण एक टक्क्याच्या आसपास, राहते. रस्त्याखाली, पाणी वाहून जाईल अशा जागी त्याचा काही त्रास नसतो. पण पाणी साचून राहील अशा खड्ड्यात हा दगड ताजाच भरला, तर ते पाणी हिरवट पिवळे होते आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. माझ्या भाच्याची खोलगट जागा विहिरीपासून बारा पावलांवर होती.

दुसरी मळी पोलादाची, आणि माझी खरी कळकळ तिच्याविषयी आहे. झोतभट्टीतल्या लोखंडात कार्बन, सिलिकॉन आणि फॉस्फरस अधिक असतात. ते काढण्यासाठी वितळलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात आणि बरोबर भरपूर कळीचा चुना टाकतात. ऑस्ट्रियातल्या लिंझ आणि डोनाविट्झ या दोन गावांत ही पद्धत 1950च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली, म्हणून तिला एलडी म्हणतात. पंधरा वीस मिनिटांत सगळे उरकते. एवढ्या थोड्या वेळात टाकलेला सर्व चुना विरघळत नाही, आणि काही चुना रस निवताना पुन्हा वेगळा होतो. हा मोकळा चुना खडीच्या पोटात बंद होऊन बसतो.

मोकळा चुना काय करतो हे गोव्याच्या जुन्या गवंड्यांना सांगावे लागले नसते. शिंपले भाजून केलेला चुना ते खड्ड्यात पाणी घालून विरवत आणि दिवसेंदिवस तसाच झाकून ठेवत, कारण न विरलेला एक कणही गिलाव्यात राहिला तर पुढे ओल लागून तो फुलतो आणि भिंतीवर फोड येऊन खपली पडते. कळीचा चुना पाणी पिऊन विरला की त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. गिलाव्यातल्या कणाने खपली पडते. जोत्याखाली दोन फूट भर घातलेल्या खडीत हेच घडले तर अख्खी जमीन उचलली जाते. मॅग्नेशियाही असाच फुगतो, पण त्याहून कितीतरी सावकाश, त्यामुळे पहिली दोन वर्षे काही झाले नाही यावर विसंबता येत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याच कारखान्याच्या आवारात एका साठवण शेडच्या जमिनीखाली ताजी एलडी मळी भरली गेली. प्रयोगशाळेने मोकळ्या चुन्याचा आकडा लेखी कळवला होता. तो वाचणाऱ्याने काम थांबवले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फरशीला मधोमध उंचवटा आला, मग त्याला चिरा पडल्या आणि शेवटी शेडचे लोखंडी दार उघडेनासे झाले. सगळी भर उकरून काढावी लागली. तो कागद मी लिहिला होता आणि तो घेऊन वरच्या साहेबांच्या दारात उभी राहिले नाही, याची खंत मला आजही आहे.

उपाय अवघड नाही, त्याला वेळ लागतो. मळी फोडून, लोहचुंबकाने तिच्यातले पोलाद वेगळे काढून, उघड्यावर ढीग घालून महिनोन्महिने तिच्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि ढीग अधूनमधून उलटायचा, म्हणजे चुना वापरापूर्वीच विरून जातो. जपानमध्ये हेच काम वाफेने केले जाते, आणि बंद पात्रात दाबाखालची वाफ दिली तर ते काही तासांवर येते. चाचणीसुद्धा वाफेचीच आहे: युरोपीय मानकात दाबून बसवलेल्या नमुन्यातून 100 अंशांची वाफ 24 तास, आणि मॅग्नेशिया पाच टक्क्यांहून अधिक असेल तर 168 तास सोडतात आणि तो किती फुगला हे मोजतात.

येथे मला नेहमी मंडूर आठवतो. पांडुरोगावर वैद्य जे मंडूर भस्म देतात ते मुळात लोखंड गाळताना उरलेले कीटच होय, आणि रसशास्त्राने त्याच्यावर वयाची अट घातलेली आहे: शंभर वर्षे जुने ते उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे कनिष्ठ, आणि त्याहून ताजे ते विषासमान. त्या काळच्या भट्ट्यांतली मळी आजच्यापेक्षा अगदी वेगळी होती, त्यामुळे वैद्यांना मोकळा चुना ठाऊक होता असा दावा मी करणार नाही. परंतु ताजी मळी घाईने वापरू नये आणि तिला ऊन पाऊस खाऊ द्यावा, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे याचे मला समाधान वाटते.

नीट मुरवलेली पोलादाची मळी रस्त्याला उत्तम. तिचे दाणे टोकदार, कठीण, एकमेकांत अडकून बसणारे असतात. सुरतजवळ हजिरा येथे 2022 मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुमारे एक लाख टन मळी वापरून सहापदरी रस्ता बांधला गेला, आणि त्याची जाडी नेहमीच्या रस्त्यापेक्षा तीस टक्क्यांनी कमी ठेवता आली. आपल्या अधिक परिचयाची गोष्ट म्हणजे मुंबई गोवा महामार्गाची. रायगड जिल्ह्यात पनवेल ते इंदापूर या भागात एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा डोलवीच्या पोलाद कारखान्यातली सुमारे 80,000 टन मळी वापरून तयार झाला आणि जानेवारी 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ज्या महामार्गाच्या खड्ड्यांविषयी आपण इतकी वर्षे बोलत आलो त्याच महामार्गावर हा प्रयोग झाला, म्हणून मी त्याकडे विशेष लक्ष ठेवून आहे. अशा रस्त्याचा न्याय पहिल्या वर्षी करता येत नाही, पाच सहा पावसाळे जावे लागतात.

घरबांधणीत मात्र मर्यादा कडक आहेत आणि त्या योग्यच आहेत. आयएस 383 या मानकाने 2016 मध्ये प्रथमच मळीच्या खडीला आणि रेतीला जागा दिली, पण झोतभट्टीची आणि पोलादाची यांत स्पष्ट भेद केला. सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये झोतभट्टीची मळी पंचवीस टक्क्यांपर्यंत चालते, पोलादाची अजिबात नाही. बिनसळईच्या काँक्रीटमध्ये पहिली पन्नास टक्के, दुसरी पंचवीस टक्के. शासनाच्या मानकाने हा प्रश्न विचारला आहे, "कोणत्या भट्टीची?", बाजाराने तो अजून विचारलेला नाही.

आता तिसरी, जी खरोखर आपल्या गोव्याची आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळ्यांसाठी पोलाद करतात ते विजेच्या इंडक्शन भट्टीत. तिचे अस्तर सिलिकाचे असते, म्हणून तिथे चुना टाकता येत नाही; टाकला तर अस्तरच खाल्ले जाईल. परिणामी या मळीत सिलिका, लोखंडाचे आणि मँगनीजचे ऑक्साइड असतात आणि मोकळा चुना जवळजवळ नसतो. ती फुगत नाही आणि सिमेंटसारखी धरतही नाही. ती केवळ एक कठीण, काळी, काचेसारखी खडी आहे. पेव्हर ब्लॉकमध्ये, साध्या काँक्रीटच्या विटांत, रस्त्याच्या खालच्या थरात तिला सहज काम देता येईल. तरीही वसाहतींच्या मागच्या बाजूला, ओढ्याकाठी तिचे ढीग मी पाहिले आहेत. त्या ढिगांत मला अधिक भीती वाटते ती मळीबरोबर मिसळलेल्या धुळीची. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, रंगवलेले भंगार भट्टीत गेले की जस्त आणि शिसे वाफ होऊन धुराड्याच्या गाळणीत बारीक धूळ म्हणून साठतात. 2016 च्या घातक कचरा नियमांनी धातू गाळण्याच्या भट्ट्यांची मळी घातक कचऱ्याच्या वर्गातून वगळली आहे, परंतु ती सवलत मळीला आहे, या धुळीला नव्हे. दोन्ही एकाच ट्रकमध्ये भरल्या की निरुपद्रवी असलेली गोष्टही बाधित होते आणि तिचा पुनर्वापर करण्याचा मार्ग बंद होतो.

हे सर्व गोव्यात बसून लिहिण्याचे कारण उघड आहे. नद्यांतून रेती काढण्यावरचे वाद, चिऱ्यांच्या खाणींनी पोखरलेली पठारे आणि खडीसाठी फोडलेले डोंगर आपण रोज पाहतो. खाणींच्या मातीचे डोंगर सत्तरी, डिचोली, सांगे येथे आधीच उभे आहेत. 2012 साली खाणी बंद झाल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्टे रद्द झाले, तरी ते डोंगर जागचे हलले नाहीत. ज्या प्रदेशाने लोखंडापायी एवढी जमीन उलथवली, त्याने लोखंडातून उरणाऱ्या वस्तूचा तरी नीट उपयोग करावा, असे मला वाटते. अडचण वाहतुकीची आहे. पोलादाची मळी साध्या दगडापेक्षा जड, त्यामुळे एका ट्रकमध्ये कमी घनफूट मावते आणि अनमोड घाट उतरेपर्यंत स्वस्त माल महाग होतो. मुरगाव बंदरातून कोळसा रेल्वेने घाटावरच्या कारखान्यांना जातो, आणि त्या कोळशावरून इथे किती आंदोलने झाली हे सर्वांना ठाऊक आहे. जोपर्यंत त्या वाघिणी धावत आहेत तोपर्यंत परतीच्या फेरीत झोतभट्टीची दाणेदार रेती आणता येईल का, हा प्रश्न कोणीतरी हिशेब मांडून तपासायला हवा.

शेतीचा एक पदर थोडक्यात सांगते. आपली तांबडी माती आम्लधर्मी, आणि चुना असलेली मळी बारीक दळून घातली तर ती आम्लता उतरवते. युरोपात पोलाद करण्याच्या जुन्या थॉमस पद्धतीतल्या फॉस्फरसयुक्त मळीचे खत दशकानुदशके वापरले गेले, आणि जपानने 1955 पासून भातासाठी सिलिकायुक्त मळीला खत म्हणून मान्यता दिली, कारण सिलिकाने भाताचे खोड ताठ राहते. पण खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात, काहीही टाकण्यापूर्वी क्रोमियम आणि व्हॅनेडियम किती विरघळते ते मोजलेच पाहिजे. खाजनातले पाणी पुढे माशांकडे जाते.

भाच्याकडे परत येते. दुसऱ्या दिवशी मी माशेलला गेले. ट्रकवाल्याने नमुना म्हणून दोन पोती उतरवून ठेवली होती. पहिल्या पोत्यातले करडे, भोकाभोकांचे तुकडे मी अंगणात मोकळ्या हवेत दळलेल्या अवस्थेत बशीत घेतले, त्यांवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि सडक्या अंड्याचा वास आला: झोतभट्टी. त्याच पोत्यातले काही काळे, हाताला जड लागणारे तुकडे चुंबकाला हलकेच चिकटले. ते भिजवलेल्या पाण्यात चुन्यासारख्या अल्कलीने गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकताच पाणी गडद गुलाबी झाले: पोलाद, आणि चुना न मुरलेला. दुसऱ्या पोत्यातही हाच मिसळलेला माल होता. वेगवेगळ्या असत्या तर दोन्हींना योग्य जागा मिळाली असती. एकत्र केल्यावर पहिली विहिरीजवळ नको आणि दुसरी जोत्याजवळ नको.

"म्हणजे सगळीच परत पाठवायची?" भाच्याने विचारले. मी म्हणाले, "ही पाठव. तुझे जुने घर पाडलेस त्याचे चिऱ्यांचे तुकडे मागे पडलेच आहेत, ते फोडून भर." त्याने तसेच केले. जोते आता वर आले आहे.

त्या पोत्यांतले दोन्ही जातींचे मूठमूठ तुकडे मी घरी आणले आणि दोन काचेच्या बरण्यांत, पाणी घालून, खिडकीत ठेवले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी बुडवून सामू (पीएच) पाहते आणि वहीत लिहून ठेवते. करड्या तुकड्यांच्या बरणीतले पाणी काही आठवडे हिरवट होते, आता निवळले आहे. काळ्या तुकड्यांच्या बरणीत सामू अजून बाराच्या खाली उतरलेला नाही, आणि झाकण सैल ठेवल्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून पाण्यावर पातळ पांढरी साय धरते. मी ती चमच्याने काढते, आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा आलेली असते.